पाशेदने कोरलेले सहा कान

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. वर्षं मोजायची हौस माणसांना, आम्हाला नाही. जातीने चुनखडीचा. एके काळी दुधासारखा पांढरा होतो, आता पार पिवळा पडलोय. उंचीला फार तर हातभर. माझ्यावर देव कोरलेत म्हणून लोक मला बघायला येतात, नाहीतर माझ्यासारखे दगड आमच्या डोंगरात पायलीला पन्नास पडलेत.

माझ्या वरच्या अंगाला प्ताह बसला आहे. पाथरवट, सुतार, सोनार, जो कोणी हाताने काम करतो त्या सगळ्यांचा हा देव, आणि सत्याचा स्वामी. त्याच्या मागे मेरेतसेगेर उभी आहे, आमच्या डोंगरावरची नागीण देवी. अगदी खाली एक माणूस गुडघे टेकून, दोन्ही हात वर करून बसलाय. आणि तो माणूस आणि ते देव यांच्या मधोमध ओळीने सहा कान.

कान कशाला, असं वाटलं ना? आमच्याकडची रीतच ती. मोठ्या देवळात आतपर्यंत जायची मुभा फक्त पुजाऱ्यांना. मग साध्या माणसाने आपलं गाऱ्हाणं घालायचं कुठे? तो दगडावर देवाचे कान कोरायचा आणि त्यात बोलायचा. दगडाच्या कानात सांगितलेलं देवाच्या कानात पोचतं, असं सगळे मानायचे. खरं सांगतो, मीही मानायचो.

मला कोरलं पाशेदने. नदीच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव होतं, आणि त्या गावाला काम एकच, डोंगरापलीकडच्या दरीत राजाचं थडगं कोरायचं. आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी. पाशेद त्यातला नावाजलेला पाथरवट. बोलायला मिठ्ठास, हसरा, पण स्वतःच्या हातावर भारी खूश. कान, नाक, बोटं अशी नाजूक कामं आली की मुकादम त्यालाच हाक मारायचा. त्याच्या शेजारी बसून काम करायचा कासा. कासा मोठ्या आकाराची कामं करायचा. बोलायला कमी, आणि एकदा नाही म्हणाला की नाहीच. दोघं लहानपणापासूनचे दोस्त.

हे सगळं मला कसं ठाऊक? अहो, पाथरवट एकटा कामाला बसला की दगडाशीच बोलतो. मला कोरताना पाशेद त्या दिवसांच्या गोष्टी सांगायचा आणि मध्येच हसायचा. कासा म्हणे त्याला डिवचायचा, "गड्या, एका नाकाला दहा दिवस? तोवर राजा म्हातारा होईल!" आणि पाशेद म्हणायचा, "होऊ दे की. थडगं त्याचंच आहे, त्याला कसली आलीय घाई?" एवढं सांगून पाशेद हसायचा, आणि मग बराच वेळ त्याचा हात थांबून राहायचा.

त्या थांबण्यामागे एक छिन्नी होती.

तांब्याच्या छिन्न्या राजाच्या मालकीच्या. सकाळी लेखनिक ज्याच्या त्याच्या नावावर द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. सुट्टीच्या आदल्या दिवशी मात्र सगळ्यांनाच घराची ओढ, त्यामुळे लेखनिकही टोपलीत डोकावून बघायचा नाही. पाशेदने त्या वेळी एका पुजाऱ्याच्या घराची चौकट कोरायला घेतली होती. त्याची स्वतःची छिन्नी बोथट झालेली. कासाने दिवस संपताना आपली रुंद छिन्नी टोपलीत टाकली, आणि पाशेदने ती गुपचूप उचलून कमरेला खोचली. दोन दिवस वापरायची, तिसऱ्या दिवशी टोपलीत टाकायची, कुणाला पत्ताही लागणार नाही. हे त्याने आधीही एकदोनदा केलं होतं. नेमकी त्याच संध्याकाळी लेखनिकाने टोपली उलटी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या वेशीजवळ पंच बसले. दरीत त्या दिवशी कामाला असलेल्या प्रत्येकाने प्ताहची शपथ घ्यायची ठरलं. शपथ साधी होती. "ती छिन्नी मी नेली नाही, माझी मी टोपलीत ठेवली. खोटं बोलत असेन तर प्ताह मला भर दिवसा अंधार दाखवो." एकेक जण पुढे आला, म्हणाला, आणि गेला. पाशेदची पाळी आली. छिन्नी त्याच्या घरात होती. तेव्हा त्याने हात वर करून सांगून टाकलं असतं तर फटके बसले असते, चार दिवस लोक हसले असते, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पंचांसमोर, पोराबाळांसमोर, नावाजलेला पाशेद! त्याने शपथ घेतली. आवाजही कापला नाही म्हणे.

मग कासा. छिन्नी त्याच्याच नावावर दिलेली होती.

"मी ती टोपलीत टाकली असं मला वाटतं," कासा म्हणाला.

"वाटतं नको, शपथेवर सांग," मुकादम म्हणाला.

"घाईत होतो. टाकली असणार. पण डोळ्यांपुढे येत नाही. वाटणं वेगळं आणि प्ताहची शपथ वेगळी."

"अरे बाबा, नुसतं म्हण आणि घरी जा! मी ओळखतो तुला. तू कशाला चोरशील?"

"ओळखता ना? मग शपथ कशाला मागता?"

मुकादमाने कपाळावर हात मारून घेतला. कासाची बायको वीया गर्दीतून ओरडली, "अहो, म्हणा ना एकदाचं!" कासा म्हणाला नाही. ज्याची पक्की खात्री नाही ते तो देवाच्या नावाने बोलेना. आता पंच तरी काय करणार? सगळ्यांनी शपथ घेतली, एकाने घेतली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना तुमच्याकडे, तसं झालं. कासाला दूर दक्षिणेला, काळ्या दगडाच्या खाणीवर पाठवायचं ठरलं. छिन्नी सापडेपर्यंत.

पाशेदच्या मनात होतं की छिन्नी कुठेतरी वाळूत टाकू, सापडेल, कासा सुटेल. पण ती कुठे टाकायची? आता जिथे सापडेल तिथल्या माणसाकडे बोट जाणार. त्याने ती स्वयंपाकघरात जात्याखाली पुरली. त्याची बायको हेनुत रोज त्याच जात्यावर दळायची, तिला काहीच ठाऊक नव्हतं. कासा निघाला त्या दिवशी त्याचं बोचकं नावेपर्यंत पाशेदनेच नेऊन दिलं. वीयाने भाकरी, कांदे आणि खारवलेले मासे बांधून दिले होते. ती म्हणाली, "लवकर या हं." कासा म्हणाला, "छिन्नी सापडली की आलोच. पाशेद, गड्या, जरा शोध रे." आणि पाशेद म्हणाला, "शोधतो."

मित्रांनो, हा एवढा भाग सांगताना पाशेदने मला कोरायचं थांबवून माझ्यावर कपाळ टेकलं होतं. मला आठवतं, त्याच्या घामाचा डाग दोन दिवस राहिला.

वर्ष गेलं आणि पाशेदच्या डोळ्यांना धूसर दिसायला लागलं. आधी बारीक रेघा जाईनात, मग माणसं ओळखू येईनात. आता बघा, दरीत दिव्याच्या धुरात आणि दगडाच्या पिठात जन्म काढलेल्या किती पाथरवटांचे डोळे असेच गेले होते. त्यांनी काय खोट्या शपथा घेतल्या होत्या? प्ताहने केलं की धुळीने केलं, मी सांगू शकत नाही. मी दगड आहे, वैद्य नाही. पण पाशेदच्या मनात शंका उरली नव्हती. आमच्या गावात एखाद्याचे डोळे गेले की लोक चेष्टेत विचारायचेच, "काय रे, कुणाची खोटी शपथ खाल्लीस?" पाशेदला विचारायचे तेव्हा तो सगळ्यांच्या आधी हसायचा.

आणि इथेच त्याने मोठी चूक केली. आमच्याकडे रीत होती की असा कोप झालेल्या माणसाने दगड कोरायचा, देव काढायचा, आणि खाली स्वच्छ अक्षरांत आपला गुन्हा लिहायचा. मी अमुक, मी देवाची खोटी शपथ घेतली, त्याने मला दिवसा अंधार दाखवला, लहानथोरांनो सांभाळून राहा. असं लिहून तो दगड येत्याजात्या वाटेवर ठेवायचा, म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतं. पाशेदला लिहिता येत होतं. पण अक्षरं सगळ्यांना दिसतात. कानात कुजबुजलेलं कुणाला दिसत नाही. म्हणून त्याने अक्षरांऐवजी कान कोरले. देवाला सांगायचं पण गावाला कळू द्यायचं नाही, असा तो हिशेब.

त्याने मला आपल्या घराच्या गच्चीवर कोरलं, स्वतःच्या जुन्या बोथट छिन्नीने. ती दुसरी छिन्नी बाहेर काढायची त्याची हिंमत झाली नाही. आधी तांबड्या शाईने आखणी केली, मग नाक जवळजवळ माझ्यावर टेकवून एकेक कान उठावात काढला. शेवटचे दोन तर त्याने बोटांनीच चाचपत कोरले, आणि माझं ऐकाल तर तेच सगळ्यात सुरेख झाले. एकाची पाळी अगदी खऱ्या बाईच्या कानासारखी. हेनुत जेवायला बोलवायला वर यायची आणि म्हणायची, "अहो, डोळ्यांत मध घाला, काजळ घाला, वैद्याकडे चला. दगडाने का डोळे बरे होतात?"

"होतात," पाशेद म्हणायचा. "तुला काय कळतंय?"

शेवटचा कान झाला त्या दुपारी पाशेदने आपलं तोंड त्या कानाला लावलं आणि देवाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. छिन्नी, शपथ, जातं, बोचकं, सगळं. मी तेव्हा कोरा करकरीत होतो, रंगही पुरता वाळला नव्हता. मला वाटलं, चला, पोचलं आता देवाकडे. आता कासा सुटणार. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

मला गावावरच्या टेकडीत, दरीकडे जाणाऱ्या पाऊलवाटेच्या वळणावर, खडकात खोदलेल्या छोट्या कोनाड्यात बसवलं. तिथे माझा मोठा बोलबाला झाला. लोक म्हणायचे, कान बघा, आत्ता हलतील! कामाला जाणारे जाता जाता दोन शब्द बोलून जात. एक सून सासूची दाढ बरी होऊ दे म्हणून यायची, कारण दाढ ठणकली की सासू तिच्यावरच राग काढायची. एका म्हाताऱ्याची बीअर दर वेळी नासायची, तो मलाच जाब विचारायचा, "ऐकतोस का नुसताच बसलायस?" माझ्यापुढे फुलं असायची, भाकरी असायची, कुणी तेलाचा हात माझ्यावरून फिरवायचं. दगडाच्या जन्माला येऊन याहून जास्त काय मिळतं?

आणि वीया यायची. प्रत्येक सुट्टीच्या दिवशी, हातात छोटी भाकरी घेऊन. ती फार बोलायची नाही. आधी एका कानात म्हणायची, "कासाला परत आण." मग दुसऱ्या कानाशी तोंड नेऊन म्हणायची, "आणि पाशेदभावजींचे डोळे बरे कर. ते मला मासे आणून देतात, धान्य देतात. सगळ्यांनी तोंड फिरवलं, त्यांनी नाही फिरवलं. एवढा चांगला माणूस, त्याला का छळतोस?"

दगडाला पाझर फुटतो म्हणता तुम्ही. कुठून फुटायचा? फुटला असता तर तेव्हा फुटला असता. दुसऱ्याच दिवशी पाशेद काठी टेकत यायचा आणि त्याच कानात म्हणायचा, "माझे डोळे परत दे. आणि कासाचंही बघ." त्याच्या तोंडी आधी डोळे यायचे, मग कासा. एकाच दगडात दोघं बोलत होते. एकाला सगळं ठाऊक होतं आणि तो घाबरत होता. एकीला काहीच ठाऊक नव्हतं. ज्याला दोन्हीकडचं ठाऊक होतं तो मी, आणि मला पाशेदने सहा कान दिले पण तोंड दिलं नव्हतं.

मला तिथे बसवल्याच्या दुसऱ्या वर्षी खाणीवरून आलेल्या एका नावाड्याने वीयाला एक खापरी आणून दिली, मडक्याच्या तुकड्यावर लिहिलेला कासाचा निरोप. तिला वाचता येत नव्हतं. लेखनिकाने वाचून दाखवलेलं तिने पाठ केलं आणि वर येऊन मला म्हणून दाखवलं. "मी बरा आहे. हातपाय शाबूत आहेत. इथला दगड फार कठीण, आपल्यासारखा नाही. कांद्याचं बी आलं तर पाठव. छिन्नी सापडली का?" हे म्हणताना ती हसली. "बघ ना, अजून छिन्नीचंच लागलंय त्याला," ती म्हणाली आणि खापरी छातीशी धरून बसून राहिली. तो जिवंत होता तेव्हा. त्याची खापरी माझ्यासमोर होती.

असं करत तिसरं वर्ष सरलं. एके दिवशी भर उन्हात, टेकडीवर चिटपाखरू नसताना वीया वर आली. भाकरी ठेवली आणि कोनाड्याच्या सावलीला, माझ्यापासून तीन हातांवर टेकून बसली. थकली होती. थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. पाशेद एकटाच आला. एरवी तो आधी "कोण आहे का?" असं विचारायचा. त्या दिवशी विचारलं नाही. एवढ्या उन्हात कोण असणार? वीया "या भावजी" म्हणणार होती, तिचं तोंडही उघडलं होतं. पण तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला, आणि देवाशी बोलणाऱ्याला मध्येच टोकू नये म्हणून ती गप्प राहिली.

"प्ताहा," पाशेद म्हणाला, "तीन वर्षं झाली, आता पुरे कर. सांगितलं ना तुला? छिन्नी मी नेली. शपथ खोटी घेतली. कासाचा काही दोष नाही, सगळं सांगितलं तुला. मग अजून का छळतोस? दोन्ही नको, एक डोळा दे. डावा दे. डोळा दिलास की मी गावाला सांगतो, तुझी आण. आधी डोळा दे, मग सांगतो."

मला वाटलं, वीया ओरडेल. ती ओरडली नाही.

"भावजी," ती म्हणाली.

पाशेदने मान वळवली. मग कुठेतरी भलतीकडेच बघत म्हणाला, "वहिनी? कधी आलात?"

"तुमच्या आधी."

"मी देवाला... मी सांगणारच होतो, वहिनी. डोळे आले की पहिल्यांदा तुम्हालाच."

"तुम्ही मासे आणून देत होतात," वीया म्हणाली. "मी खात होते. मी इथे येऊन तुमच्या डोळ्यांसाठी..." तिने पदराचं टोक दातांखाली धरलं आणि मग सोडलं. "ऊठ," ती म्हणाली.

"कुठे?"

"पंचांकडे."

"उद्या सकाळी हेनुतला बरोबर घेऊन येतो, वहिनी, नक्की..."

"मला वहिनी म्हणू नकोस. उद्या नाही, आत्ता. हात दे इकडे. तुला दिसत नाही, मी नेते."

आणि तिने त्याचा हात धरला. वाट उताराची आणि खड्यांची, तो दोनदा अडखळला, दोन्ही वेळा तिनेच सावरला. मी बघत राहिलो. तिने त्याला ढकललं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

पुढचं मला येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळलं. जात्याखालून छिन्नी निघाली, हिरवी पडलेली. हेनुत जात्याजवळच बसली ती उठेना. पंचांनी पाशेदला फटके सांगितले, पण आंधळ्याला मारायला कुणाचा हात नीट उचलेना. सगळ्यात आधी नाव सुटली, दक्षिणेकडे, कासाला आणायला.

त्या दिवसांत वीया रोज वर यायची. मागायची काही नाही. माझ्याकडे पाठ करून, खाली दिसणाऱ्या नदीकडे तोंड करून बसायची. तिने घराला चुना दिला होता, कांद्याचा वाफा केला होता, त्याच्यासाठी नवी चटई विणली होती. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना ती सांगायची, "आला की आधी भांडणार आहे. शपथ घ्यायला काय झालं होतं, असं विचारणार आहे."

नाव परत आली तेव्हा तीत नावाडीच होते. कासा आदल्या वर्षी कापणीच्या दिवसांत गेला होता. शिळा घसरली होती. त्याला तिथेच पुरलं होतं, काळ्या दगडांत, गावापासून महिनाभराच्या वाटेवर.

तुम्ही म्हणाल, देवाची इच्छा. असेल. पण मित्रांनो, वर्षं मोजत नाही असं मी म्हणालो तरी एवढं मी मोजलंय. पाशेदने माझ्या कानाला पहिल्यांदा तोंड लावलं तेव्हापासून कासा पुढे पुरं एक वर्ष आणि वर चार महिने जिवंत होता. नाव जाऊन यायला दोन महिने लागतात.

वीया आली ती हातात काळा गोटा घेऊन. आमचे लोक असल्या गोट्यांनी खडक फोडतात. दुपार उतरत आली होती. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ऐकलंस ना? सगळं ऐकलंस ना त्याचं? माझंही ऐकलंस ना?" थोडा वेळ खरंच उत्तराची वाट पाहिली तिने. मग पहिला घाव घातला.

कान फुटताना दुखतं का, ते सांगत नाही. पहिला कान गेला, दुसरा गेला. प्रत्येक घावाला ती विचारत होती, "मग? मग? मग?" पाच कान गेले. सहाव्याजवळ तिचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. तो शेवटचा, बोटांनी चाचपत कोरलेला. गोटा हातातून सुटला. ती खाली बसली, पाठ माझ्यावर टेकवली आणि रडली. शेजारीच एक कान शाबूत होता. तिने त्यात काही सांगितलं नाही. त्यानंतर ती कधीच वर आली नाही.

पाशेद एकदा आला, हेनुतच्या खांद्यावर हात ठेवून. त्याने बोटांनी मला चाचपलं. पहिला कान नाही, दुसरा नाही. सगळी ओळ चाचपून झाल्यावर त्याचं बोट सहाव्या कानावर थांबलं. हेनुत म्हणाली, "आहे एक. बोला काय बोलायचं ते." तो म्हणाला, "घरी चल."

मग लोकही येईनासे झाले. फुटक्या दगडाला कोण फूल वाहणार? पुढे गाव उठलं, वाळू आली, कोनाडा भरला. किती पिढ्या मी उताणा पडून होतो. मग एका शेळ्या राखणाऱ्या बाईने मला उचलून चुलीला लावलं, तिच्या तीन पिढ्यांचा स्वयंपाक मी बघितला. माझ्या डाव्या बाजूला अजून काजळी आहे. शेवटी शहाणी माणसं आली, त्यांनी मला कापसात गुंडाळून नदीपलीकडच्या या थंड खोलीत आणलं. एक मुलगी दर महिन्याला मऊ कुंचल्याने माझी धूळ झाडते. फार हळू झाडते. पाहुण्यांना सांगतात की काळाच्या ओघात कान झिजले. मी काही बोलत नाही. कसा बोलणार?

आता शेवटी, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा, असं मी सांगायला हवं. पण माझी निगा छान राखली जाते, माझी तक्रार नाही. माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या हातून कुणाचं वाईट झालं, तर देवापुढे जरूर रडा, पण तेवढ्यावर भागवू नका. ऐकणाऱ्याला सांगून मन हलकं होतं, आणि हलक्या मनाने माणूस आणखी एक दिवस गप्प राहू शकतो. मी तीन वर्षं पाशेदचं मन हलकं करत होतो. माझा सगळ्यात मोठा अपराध हाच असावा. ज्याचं वाईट झालं त्याच्याकडे जा, त्याच्या तोंडावर सांगा, आणि आजच सांगा.

आमच्या गावात एकच गल्ली होती, दोन्ही बाजूंना घरं. पाशेदच्या दारापासून वीयाचं दार सातवं. आंधळ्यालासुद्धा भिंत चाचपत जाता आलं असतं. माझ्याकडे यायचं तर सगळी टेकडी चढावी लागे. तो तीन वर्षं टेकडी चढत राहिला.